खेकड्याचा नवा भाग

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांची बदली बराकपूरला झाली तेव्हा मी दुसरीत होते. छावणीच्या कडेला आम्हाला क्वार्टर मिळालं. ओळखीचं कुणी नव्हतं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, दूधवाल्याशी हिंदी आणि शेजारणीशी आईच्या खाणाखुणा, असा आमचा संसार चालायचा. बाबांनी तिथे एकच करमणूक शोधून काढली होती. रविवारी सियालदाची गाडी पकडून कोलकात्याला जायचं आणि धर्मतल्ल्याच्या एखाद्या थेटरात सिनेमा बघायचा. आई एक-दोनदा आली आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघंच जा. मला तेवढीच दुपारची झोप मिळेल."

अशाच एका रविवारी मी तो खेकडा पहिल्यांदा पाहिला.

परदेशातला सिनेमा होता, हिंदीत बोलणारा. समुद्राच्या तळाशी युगानुयुगं झोपलेला एक खेकडा जागा होतो आणि किनाऱ्यावरच्या शहरात शिरतो, एवढीच गोष्ट. तो कशाने जागा होतो ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे प्रत्येक भागात ते कारण बदलतच गेलं. पण त्याची चाल मात्र मनात रुतून बसली. तो समोरून यायचा नाही. आडवा चालायचा, तोंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे, त्यामुळे तो नेमका कुणाच्या दिशेने निघालाय हे शेवटच्या क्षणापर्यंत समजायचं नाही. माणसं पळायची ती चुकीच्या बाजूला. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. बाबांच्या शर्टाचा बाहीकडचा भाग माझ्या मुठीत होता, आणि घरी आल्यावर आईने विचारलं की ही बाही अशी चुरगळली कशाने.

त्यानंतर कितीतरी दिवस मी संडासात एकटी जायची नाही. बाबांनी मला समजावलं. ते कधी "असं काही नसतं" म्हणायचे नाहीत. ते खेकड्याच्याच बाजूने विचार करायचे.

"हे बघ, तो खाऱ्या पाण्यातला. आपली हुगळी गोड्या पाण्याची. त्याला इथलं पाणी बाधेल. आणि समुद्र इथून केवढा लांब आहे!"

हे मला पटलं. मी निर्धास्त झाले. मग एका संध्याकाळी आम्ही घाटावर बसलो होतो. नदी नेहमीसारखी मातकट, संथ होती. अचानक खालच्या अंगाने नावाड्यांचा आरडाओरडा सुरू झाला, "बान! बान!" होड्या घाईघाईने काठ सोडून मध्यात जायला लागल्या. मला वाटलं कुणी बुडालं. तेवढ्यात दक्षिणेकडून पाण्याची एक लांबलचक वळकटी, या काठापासून त्या काठापर्यंत, उलट्या दिशेने येताना दिसली. नदी मागे चालली होती. पायऱ्यांवर पाणी आपटलं, बाबांची चप्पल घेऊन गेलं, आणि आम्ही वर पळालो.

"हे काय होतं?" मी विचारलं.

बाबांनी भाबडेपणाने खरं सांगितलं. "याला बान म्हणतात. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी नदीत घुसतं ना, ते हे."

समुद्राचं पाणी! म्हणजे समुद्र इथपर्यंत येतो. बाबांनाही आपली चूक लगेच कळली असणार, कारण परत येताना वाटेत ते सारखे सांगत होते की एवढंसं पाणी खेकड्याला गुडघाभरसुद्धा होणार नाही.

आई कोकणातली. कोलकात्याच्या बाजारात सुतळीने बांधलेले जिवंत खेकडे बघून ती हरखून जायची. पुढची दोन-तीन वर्षं घरात खेकड्यांचं कालवण झालं की मी वरणभात घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. आणि तरीही, नव्या भागाची जाहिरात लागली की बाबांच्या मागे तगादा माझाच असायचा. भीतीची मला चटक लागली होती. त्या भीतीत बाबा शेजारी असायचे, हे त्यातलं मुख्य.

मग मी सातवीत-आठवीत गेले, आणि एका भागात मला तार दिसली. खेकडा नांगी उचलून ट्रामवर आपटणार होता, सगळं थेटर श्वास रोखून बसलेलं, आणि नांगीच्या टोकापासून सरळ वर गेलेली बारीक चकचकीत तार मला स्पष्ट दिसली. एकदा दिसली ती दिसतच राहिली. ट्रामची चाकं फिरत नाहीत तेही दिसलं. मी बाबांना कोपराने ढोसलं.

"बाबा, तार."

"हो," ते म्हणाले, आणि बघत राहिले.

त्या वर्षाअखेर आमची बदली नागपूरला झाली. मला खेकड्याची आठवण आली नाही.

काळजी करण्याचा स्वभाव मात्र तसाच राहिला, फक्त त्याला आता वेगवेगळी कारणं मिळत गेली. परीक्षा, नोकरी, आईचं आजारपण. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची, आणि ते मला उद्देशून असायचं. मी बँकेत लागले. लग्न झालं, मुलगी झाली. नवऱ्याची नोकरी नागपूरची, तो तिथून हलू शकत नव्हता, आणि मला बढतीबरोबर कोलकाता मिळालं. आई गेली त्याच्या आदल्याच वर्षी. बाबा म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. मला ते शहर माहीत आहे." अशा रीतीने दक्षिण कोलकात्यातल्या एका सातव्या मजल्यावर आम्ही तिघं राहायला लागलो, बाबा, मी आणि माझी पाच वर्षांची लेक. नवरा महिन्यातून एकदा यायचा.

आम्ही आलो त्याच सुमारास तो खेकडा पुन्हा जिवंत झाला. मधली बरीच वर्षं बंद पडलेली ती मालिका कुणीतरी नव्याने सुरू केली होती. आता तारा नव्हत्या, सगळं कॉम्प्युटरवर. बाबांनी पेपरात जाहिरात वाचली आणि मला हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून मला नाही म्हणता येईना. आम्ही तिघं गेलो. लेक माझ्या मांडीवर बसली, मग माझ्या खांद्यावर चढली, आणि शेवटी माझ्या ओढणीच्या आत शिरून एका डोळ्याने बघत राहिली. घरी येताना लिफ्टमध्ये तिने विचारलं, "आई, तो सातव्या मजल्यावर येऊ शकतो?"

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये मावणार नाही. आणि जिना त्याला जमत नाही, आडवा चालतो ना."

मग तो आमचा नेमच झाला. दर वर्षा-दोन वर्षांनी एक भाग आला की आम्ही तिघं जायचो. तिकिटं मी काढायची, पॉपकॉर्न बाबांचे, आणि परत येताना खेकड्याने या खेपेला काय काय पाडलं त्याची उजळणी लेक करायची. तिचं मराठी बंगाली वळणाचं. शाळेत बंगाली आणि इंग्रजी, घरी आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे तिचे स्त्रीलिंग-पुल्लिंग कायम इकडचे तिकडे. "खेकडा आली आणि बिल्डिंग पडला," असं ती म्हणायची आणि बाबा हसून हसून बेजार व्हायचे. तिला दुरुस्त करायचं माझ्या जिवावर यायचं.

यंदा चैत्रात नवा भाग आला. मी नेहमीप्रमाणे तिघांची तिकिटं काढायला बसले तेव्हा लेक दारात येऊन उभी राहिली. तेरा पूर्ण झालेली, माझ्या कानापर्यंत उंच.

"आई, मी या वेळी मैत्रिणींबरोबर जाऊ? आम्ही तिघी. दुपारचा शो. मॉल तर इथेच आहे."

तिने आजवर एकटीने कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पण बाबा पेपरामागून म्हणाले, "जाऊ दे की. दुपारचाच तर शो आहे." मी अटी घातल्या. सीट नंबर मला पाठव, इंटरव्हलला फोन कर, सिनेमा सुटला की सरळ घरी. तिने सगळ्याला मान हलवली.

शनिवारी दुपारी ती गेली. मी खिडकीतून ती वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. तिने तिकिटांचा फोटो पाठवला, तेव्हा जरा बरं वाटलं. मग मी कपड्यांच्या घड्या घालत बसले आणि मनात हिशेब करत राहिले की आता जाहिराती संपल्या असतील, आता सुरू झाला असेल, आता खेकडा पाण्याबाहेर आला असेल.

इंटरव्हलची वेळ झाली आणि गेली. फोन नाही. मी केला तर बंद. बंद का असेल? सिनेमात सायलेंट करतात, बंद कशाला करतील? पुन्हा केला. बंद. मी तिच्या मैत्रिणीच्या आईला फोन लावला. त्या शाळेत शिकवतात, आमची ओळख पालकसभेतली. त्या म्हणाल्या, "दीदी, मीही लावतेय. माझ्या मुलीचाही लागत नाही." त्यांच्या आवाजातला धीर ओढूनताणून आणलेला होता, आणि तो मला स्वतःच्या आवाजासारखाच वाटला.

याच सुमारास आकाश बदललं. वैशाखाच्या तोंडावर इथे दुपारनंतर वादळं उठतात, कालबैशाखी म्हणतात त्याला. वायव्येकडून एक काळाशार पट्टा चढत येतो, पाखरं गप्प होतात, आणि मग एकाएकी सगळं उडायला लागतं. तो पट्टा समोरच्या इमारतीमागे दिसायला लागला होता. मी पायात चपला सरकवल्या.

"मी मॉलमध्ये जाऊन येते."

"थांब, मीही येतो," बाबा म्हणाले आणि काठी घेऊन उभे राहिले.

"बाबा, तुम्ही कशाला? वादळ येतंय."

"मग मी इथे बसून काय करू? भिंतीकडे बघू?"

त्यांना समजावण्यात वेळ गेला असता. आम्ही ऑटो केली. वाटेत मी आणखी फोन केले. बाबा एकदाच बोलले, "बॅटरी संपली असेल गं." बॅटरी संपली असेल हे मला कळत होतं, पण मला ज्या गोष्टी दिसत होत्या त्यांच्यापुढे बॅटरी फार लहान होती.

थेटरच्या दाराशी एक मुलगी तिकिटं तपासायला उभी होती. मी हिंदी-बंगालीची खिचडी करत तिला तिकिटांचा फोटो दाखवला, सीट नंबर दाखवले, सांगितलं की माझी मुलगी आत आहे आणि फोन लागत नाही. तिने बाबांच्या काठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं. टॉर्च लावू नका."

आत पूर्ण काळोख. पडद्यावर खेकडा कुठल्यातरी बंदरात उभा होता आणि आवाजाने माझी छाती हादरत होती. मी जिना चढत गेले. पडद्यावर स्फोट झाला की हॉल उजळायचा आणि तेवढ्या उजेडात मी चेहरे बघून घ्यायची. शेकडो चेहरे वर पाहत होते, लाल, मग निळे, तोंडं उघडी. त्यांतला एकही तिचा नव्हता. पुन्हा काळोख. मी पुढच्या स्फोटाची वाट पाहत अंधारात उभी. मागून कुणीतरी वैतागून म्हणालं, "दीदी, बोशुन ना!" मला बसायचं नव्हतं. शहर कोसळत होतं, माणसं किंचाळत होती, आणि मला वाटत होतं की हे सगळं जरा गप्प बसेल तर मला शोधता तरी येईल.

तिची ओळ सापडली. मी खुर्चीवरचं अक्षर हाताने चाचपून खात्री केली. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मधल्या खुर्चीच्या हातावर पॉपकॉर्नचा डबा, अर्धा भरलेला.

तो अर्धा डबा हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. तेरा वर्षांच्या मुली पॉपकॉर्न टाकून कशाला जातील? मी मागे वळले तर बाबा शेजारी नव्हते. ते त्या तीन खुर्च्यांतल्या कडेच्या खुर्चीवर बसले होते. काठी गुडघ्यांत धरलेली, आणि नजर पडद्यावर.

"बाबा!"

"अगं, तो आता पूल ओलांडतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम उठले. "चल, चल."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागानेच मी जिना उतरू शकले.

बाहेर त्या तिकीटवाल्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "तीन मुली? शाळेच्या वयाच्या? त्या इंटरव्हललाच गेल्या. हसत होत्या. एक म्हणत होती, बच्चों की पिक्चर है." 

"कुठे गेल्या?"

तिला कसं माहीत असणार? तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या शिक्षिका बाई होत्या आणि आता धीर उरला नव्हता. त्यांच्या मुलीने कुणा अनोळखी माणसाच्या फोनवरून फोन केला होता. "लाँचवर आहेत. बाबूघाटावरून नदीपलीकडे हावड्याला चालल्या होत्या. म्हणाली, आई, वादळ आलंय, लाँच हलतेय. आणि कट झाला. दीदी, तो नंबर आता लागत नाही."

मॉलच्या काचेबाहेर वादळ पोचलंच होतं. धूळ, पानं, एक फाटका फ्लेक्स आडवा उडत गेला. मला नदी दिसत नव्हती, आणि मला फक्त नदीच दिसत होती.

"टॅक्सी अडकेल," बाबा म्हणाले. "मेट्रोने जाऊ. धर्मतल्ल्याला बदलू आणि हावड्याला उतरू." कोण जाणे कसं, त्या क्षणी त्यांचं डोकं चालत होतं आणि माझं बंद पडलं होतं. मी त्यांच्या मागे निघाले. एका हाती काठी, दुसऱ्या हाती माझा दंड, असे ते सरकत्या जिन्यावरून उतरले. जिना चढता-उतरताना एरवी त्यांना भीती वाटते.

धर्मतल्ल्याला गाडी बदलली. डब्यात लोक ओले आणि गप्पा मारणारे. कुठे झाड पडलं, कुठली ट्रेन थांबली. एक जण दुसऱ्याला सांगत होता की लाँच बंद केल्या आहेत. "कधी बंद केल्या?" मी विचारलं. त्याला नीट माहीत नव्हतं. मग गाडी बोगद्यात खोल उतरायला लागली आणि खिडकीबाहेर निळा उजेड आला. कुणीतरी पोराला उचलून दाखवलं, "गंगा, गंगा! आता वर गंगा आहे!" हुगळीला इथे गंगाच म्हणतात; तिच्याखालून जाताना तो निळा उजेड लावतात, लोकांना कळावं म्हणून.

माझी लेक माझ्या डोक्यावर होती. बरोब्बर वर, कुठेतरी, पाण्यावर. मी छताकडे बघत उभी राहिले. फोनला रेंज नव्हती. बाबांनी दांडा सोडून माझा हात धरला. तेही छताकडेच बघत होते. मला इतका वेळ वाटत होतं की ते शांत आहेत.

हावड्याला वर आलो तर पाऊस तिरका मारत होता. स्टेशनच्या बाजूने घाटाकडे जाणारा रस्ता पाण्याने भरलेला. मी धावले. बाबा मागे राहिले, ते मला कळलं आणि तरी मी थांबले नाही. जेटीकडे जाणारा लोखंडी पूल साखळी लावून बंद केलेला होता, आणि त्याच्या अलीकडे तिकीटघराच्या पत्र्याखाली माणसांची ही गर्दी. मी तिला नावाने हाका मारत गर्दीत घुसले. ओली माणसं, पिशव्या, सायकली. कुणीतरी बाजूला झालं आणि तिथे तिघी उभ्या होत्या, भिंतीला टेकून, एकमेकींना चिकटलेल्या, केसांतून पाणी ठिबकणाऱ्या.

मी तिला मारणार होते. खरंच हात उचलला होता. पण तो हात जाऊन तिच्या दंडावर पडला आणि तिथेच घट्ट राहिला. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उमटले, ते दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

"आई," ती म्हणाली. "आई, तू कशी आली?"

बाकीच्या दोघी रडायला लागल्या. मी शिक्षिका बाईंना फोन लावून त्यांच्या मुलीच्या हातात दिला. मग बाबा पोचले, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांनी आधी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग विचारलं, "घाबरलीस?"

"खूप." तिचे ओठ निळे पडले होते आणि डोळे एवढे मोठे झाले होते. "आजोबा, आम्ही मध्ये होतो. एकदम काळा झाला सगळं. तो लाँचवाला ओरडला, सगळे खाली बसा, आणि मग नदी ना, नदी उभा राहिला. असा." तिने हात वर केला, डोक्याच्याही वर. "मी पाहिली. पाणी माझ्या वर होता. मला वाटलं आता संपलं. आणि मला डोळे बंदच करता येईनात."

बाबांनी तिला दुरुस्त केलं नाही. ते म्हणाले, "मग?"

"मग तो खाली बसला, परत आला, परत बसला. लाँचवाला लाँच वळवतच नव्हता, तोंड वाऱ्याकडे ठेवून तसाच उभा. एक काकू माझा हात धरून देवाचं नाव घेत होत्या. मग आम्ही इथे लागलो."

ती हे सांगताना कापत होती, आणि तरी थांबत नव्हती. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. असा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता, आणि मला तो बघून आनंद झाला नाही. मला अजून भीतीच वाटत होती.

शिक्षिका बाई आल्या, रडल्या, ओरडल्या, मुलीला कुशीत घेतलं. तिसरीचे वडीलही आले. वादळ ओसरल्यावर आम्ही टॅक्सी करून हावड्याच्या पुलावरून परत निघालो. लेक मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. बाबांचा रुमाल तिच्या केसांना गुंडाळलेला.

"सिनेमातून का उठलात?" मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"बोअर झाला. आई, तो खरा वाटतच नाही. तो शेवटी समुद्रात परत जाणार, हे पहिल्यापासून माहीत असतं."

"मग गेलात कशाला? सरळ सांगायचं होतंस, नदीवर जायचंय म्हणून."

"नदीचं तेव्हाच ठरलं, इंटरव्हलला. फोनचा बॅटरी तोवर संपला होता, तिघींचा. आणि सिनेमाला जायला तू नाही म्हणणार नाही हे माहीत होतं." मग जरा चाचरत म्हणाली, "मला मागचा भागही आवडला नव्हता. त्याच्या आधीचाही नाही."

"आणि तरी येत होतीस?"

"तुला आवडतं ना. म्हणून."

मी काचेबाहेर पाहिलं. मला आवडतं! मला तर ती तार दिसल्यापासून त्यातलं काहीच आवडलं नव्हतं. मी इतकी वर्षं तिकिटं काढत होते ती तिच्यासाठी. तिच्या किंकाळीसाठी, ओढणीतल्या त्या एका डोळ्यासाठी. आणि ती बिचारी माझ्यासाठी किंचाळत आली होती, निदान शेवटचे दोन भाग तरी.

"मला नाही आवडत गं," मी म्हणाले.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

आम्ही दोघी बाबांकडे बघायला लागलो. ते पुलाच्या लोखंडी तुळयांकडे पाहत होते.

"मला आवडतो," बाबा म्हणाले. "त्यात काय? मला पहिल्यापासून आवडतो. तार दिसायची तेव्हाही आवडायचा. आणि आज अर्धवट राहिला माझा."

लेक हसली. मग तिला रडू फुटलं, मघाशी न आलेलं सगळं, आणि ते थांबवायला आम्हाला कुणालाच जमलं नाही. टॅक्सीवाल्याने आरशातून बघून रेडिओ बंद केला.

पुढच्या आठवड्यात बाबांचा तो भाग पुरा करायला मी त्यांच्याबरोबर गेले. हॉल जवळजवळ रिकामा होता. मी बहुतेक वेळ त्यांच्याकडेच बघत होते. खेकडा आडवा सरकला की ते अजूनही पाय किंचित मागे घेतात.

लेकीशी माझं नंतर नीट बोलणं झालं. बेत बदलला तर आधी सांगायचं, फोन चार्ज करूनच निघायचं, आणि मी उगीच नाही म्हणायचं नाही. शेवटची अट तिची. नवऱ्याला सगळी हकीकत मी दोन दिवसांनी सांगितली, तीही थोडी पातळ करून. त्याने लगेच सुट्टी टाकली आणि आला. चार दिवस तिला शाळेत सोडायला-आणायला गेला, आणि पाचव्या दिवशी तिनेच त्याला घरी बसायला सांगितलं.

जूनमध्ये एका रविवारी ती म्हणाली, "आई, हावड्याला मैत्रिणीच्या घरी जायचंय. लाँचने गेलो तर चालेल? आकाश मोकळं आहे. मी बघितला."

बाबांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हणाले.

ती गेली. पोचल्यावर फोन करते म्हणाली. मी कुकर लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आकाश खरंच मोकळं होतं, कुठे एक ढग नाही, आणि मी वायव्येकडे बघत राहिले. तिचा फोन आला, "पोचलो," एवढंच म्हणाली आणि मागे कुणीतरी हसत होतं. मी परत फिरले तर सगळं घर करपल्याच्या वासाने भरलेलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला कळलंच नव्हतं.

"अगं, भात लागला," बाबा आतून म्हणाले.